अमृत ज्येष्ठ नागरिक योजना: आधारवर केवळ जन्मवर्ष असेल आणि प्रवास बेळगावचा असेल तर?

प्रश्न

माझी आई कोल्हापुरात माझ्याजवळ राहते, आणि तिची धाकटी बहीण बेळगावला असते. आईच्या आधार कार्डावर १९४९ हे जन्मवर्षच तेवढे छापलेले आहे, दिनांक व महिना नाही; जन्माची नोंद झालेलीच नसल्यामुळे दाखलाही मिळणार नाही. वयाची ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, हे ठाऊक आहे. परंतु अशा कार्डावर ही सवलत मिळते का, आणि ती बेळगावपर्यंत चालते का? मी तिच्याबरोबर असेन, माझे वय ४८ आहे. आणखी एक अडचण अशी की आईला फुकट बसायचा संकोच वाटतो. "तिकिटाचे पैसे आहेत माझ्याजवळ," असे ती म्हणते. तिला काय सांगावे?

प्रतिसाद १

ताई, मी २६ वर्षे एसटीत वाहक होतो. वाहकाला वय पडताळायचे असते, जन्मतारीख पाठ करायची नसते. १९४९ साली जन्मलेली व्यक्ती अगदी ३१ डिसेंबरला जन्मलेली धरली, तरी २०२४ संपताना तिची ७५ वर्षे पूर्ण झाली. त्यामुळे आईंच्या बाबतीत नुसत्या वर्षावरूनही शंकेला जागा उरत नाही. तरीही पॅन कार्ड असल्यास तेही जवळ ठेवा, कारण त्यावर पूर्ण तारीख असते. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा डिजीलॉकरमधील आधारही चालते.

आता संकोचाविषयी. आई विनातिकीट बसणार नाहीत. वाहक त्यांना शून्य रकमेचे तिकीट देतो, आणि ते त्यांनी आठवणीने मागून घ्यावे. ऑगस्ट २०२२ मध्ये ही योजना सुरू झाली, तेव्हापासून अशा प्रवासाची भरपाई राज्य शासन महामंडळाला करते, आणि ती भरपाई या तिकिटांच्या हिशेबावरूनच मागितली जाते. म्हणजे आईंचे भाडे बुडत नाही, ते शासन भरते. आगाऊ आरक्षण केल्यास मात्र आरक्षणाचा आकार भरावा लागतो.

प्रतिसाद २

मी बेळगावचा आहे, माझ्या नातेवाइकांची ये-जा या मार्गावर नेहमी असते. महाराष्ट्राच्या एसटीत ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे, म्हणजे कागल सोडल्यावर कोगनोळीच्या अलीकडे ती संपते आणि पुढील टप्प्याचे पूर्ण भाडे द्यावे लागते. तुम्हालाही १७ मार्च २०२३ पासून लागू असलेल्या महिला सन्मान योजनेत निम्मे भाडे आहे, पण तेही हद्दीपर्यंतच. परतीच्या वेळी हाच हिशेब उलटा होतो. कर्नाटकच्या बसमध्ये बसलात तर यातील काहीच लागू होत नाही, आणि तेथील मोफत बसप्रवासाची शक्ती योजना कर्नाटकातील रहिवासी महिलांसाठी असल्यामुळे आईंना तिचाही लाभ मिळणार नाही. म्हणून बसवरचे नाव पाहूनच चढा.

प्रतिसाद ३

पात्रता केवळ वयावर ठरवणे मला पुरेसे वाटत नाही. डोंगरी गावातून तालुक्याच्या रुग्णालयात जाणाऱ्या ७० वर्षांच्या शेतमजुराला निम्मे भाडे द्यावे लागते, आणि पुण्यातील बंगल्यात राहणारे ८० वर्षांचे गृहस्थ शिवनेरीत मोफत बसू शकतात. शहरी बससेवा तर या योजनेत येतच नाही. एसटीत सिकलसेल, हिमोफिलिया किंवा डायलिसिसच्या रुग्णांना मिळणारी सवलत गरजेवर ठरते. तशी गरज मोजणारी अट येथेही असावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

आपला मुद्दा मान्य आहे, परंतु उत्पन्नाचा दाखला बसच्या दारात तपासायचा कोणी? सत्तर प्रवासी खोळंबलेले असताना वाहकाने त्यात पडू नये, असे मला अनुभवावरून वाटते. दाखला काढायला तहसील कार्यालयात खेपा घालाव्या लागल्या, तर ज्यांना गरज आहे तेच आधी मागे राहतील. त्यापेक्षा मोफत प्रवासाचे वय ७५ वरून ७० वर आणले, तर आपण म्हणता त्या शेतमजुराला थेट लाभ होईल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद आईला वाचून दाखवले. तिकीट हातात मिळणार असेल तर चालेल, असे ती म्हणाली, आणि कागलच्या पुढचे दोघींचे पैसे तीच देणार आहे.