मदत हवी आहे : साडेतीन वर्षांच्या मुलीला ‘माय नेबर तोतोरो’ आत्ताच दाखवावा का?

नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दोन्ही मुलांनी एकत्र बसून एक पूर्ण लांबीचा चित्रपट पाहावा, असा विचार आहे. थोरला सात वर्षांचा आहे आणि धाकटी साडेतीन वर्षांची. धाकटीने आजवर पडद्यावर छोट्या गोष्टी आणि बडबडगीते यांपलीकडे काही पाहिलेले नाही. ओळखीच्या अनेकांनी जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा १९८८ सालचा ‘माय नेबर तोतोरो’ हा अ‍ॅनिमेशनपट सुचवला आणि तो अगदी लहान मुलांनाही चालतो, असे सांगितले. मुलांना दाखवण्यापूर्वी मी तो स्वतः पाहिला. मला तो मनापासून आवडला. तरीही धाकटीच्या बाबतीत मी निर्णय घेऊ शकलेले नाही.

चित्रपटात मारामारी नाही, खलनायक नाही आणि कोणाचा मृत्यूही होत नाही. १९५०च्या दशकातील जपानी खेड्यात वडिलांबरोबर राहायला आलेल्या सात्सुकी आणि मेई या बहिणी, जुन्या घरात दडलेले काजळीचे डोळेदार गोळे, कापराच्या प्रचंड झाडाखाली झोपलेला तोतोरो नावाचा केसाळ, अवाढव्य प्राणी आणि भर पावसात बसथांब्यावर त्याच्याशी पडलेली गाठ, हे सारे धाकटीला आवडेल याविषयी मला शंका नाही. मेई चार वर्षांची आहे आणि तिचे रुसणे, ताईच्या मागे मागे धावणे, हट्टाने जागच्या जागी उभे राहणे इतके खरे रेखाटले आहे, की माझी मुलगी त्यात स्वतःलाच पाहील.

नेमकी तीच माझी काळजी आहे. मुलींची आई आरंभापासून रुग्णालयात आहे. चित्रपट सुरू झाल्यावर सुमारे तासाभराने रुग्णालयाची तार येते, आईचे घरी येणे लांबते आणि तोवर समजूतदारपणे वागणारी सात्सुकी मेईवर ओरडते. पुढे ती शेजारच्या आजींपुढे ‘आई मेली तर?’ असे म्हणत रडते. मेई आईसाठी मक्याचे कणीस घेऊन एकटीच रुग्णालयाच्या वाटेला लागते आणि हरवते. गावकरी तळे धुंडाळतात, तिथे लहान मुलीची एक चप्पल सापडते. ती मेईची नसते आणि पुढे सर्व काही सुखरूप पार पडते, पण त्याआधीची काही मिनिटे मोठ्या माणसालाही जड जातात.

आमच्याकडे सध्या माझ्या सासूबाई शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात आहेत. प्रकृती सुधारत आहे, परंतु घरी सोडण्याचा दिवस पुढे ढकलला गेला आहे. धाकटी आजीजवळच झोपणारी. रोज संध्याकाळी ‘आजी आज येणार का?’ असे विचारते.

प्रमाणपत्रावरून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर आपल्याकडे ‘यूए’ श्रेणीचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे झाले; सात वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र वेगळी पायरी नाही, तिथे केवळ ‘यू’ आहे. ब्रिटनमध्ये या चित्रपटाला ‘यू’ प्रमाणपत्र आहे आणि तेथील मंडळ या श्रेणीचा अर्थ चार वर्षे व त्यापुढील मुलांना योग्य असा सांगते, पण एखाद्या विशिष्ट मुलाला कशाने त्रास होईल हे आधी सांगता येत नाही, असेही जोडते. शिवाय लांबी ८६ मिनिटांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या वयात दिवसाला एक तासापेक्षा अधिक वेळ पडद्यासमोर बसणे योग्य नाही.

आपल्यापैकी कोणी इतक्या लहान मुलांबरोबर हा चित्रपट पाहिला असल्यास त्यांनी नेमका कुठे त्रास करून घेतला? आमच्या परिस्थितीत तो पुढे ढकलावा, की सोबत बसून, मराठीतून सांगत सांगत दाखवावा?

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे बालवाडीत शिकवत आहे. आपण दोन वेगळ्या भीती एकत्र धरल्या आहेत, असे मला वाटते.

मुलांना पडद्यावर कशाची भीती वाटते यावर अमेरिकेतील संशोधक जोआन कँटर यांनी दीर्घकाळ काम केले. त्यांच्या अभ्यासांचा आशय असा, की शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील मुले प्रामुख्याने दिसण्याला घाबरतात : मोठा जबडा, अचानक बदलणारे रूप, मोठा आवाज. प्रत्यक्षात घडू शकणाऱ्या संकटाची भीती पुढे वाढते. त्यामुळे आपल्याला निरुपद्रवी वाटलेला तोतोरो जबडा पूर्ण उघडून गर्जना करतो तो क्षण, किंवा दिव्यांसारखे डोळे असलेली मांजरबस, म्हणजे मांजराच्या रूपातली बस, अंधारातून धावत येते तो क्षण, धाकटीला तळ्याच्या प्रसंगापेक्षा अधिक घाबरवू शकेल. तळ्यातल्या चपलेचा अर्थ लावण्यासाठी जी साखळी मनात जोडावी लागते, ती साडेतीनाव्या वर्षी बहुधा जुळत नाही. सात वर्षांच्या मुलाला मात्र ती पूर्ण कळेल. म्हणून या प्रसंगात थोरल्याकडेही लक्ष असू द्यावे.

रुग्णालयाची गोष्ट वेगळी आहे. एरवी या वयाच्या मुलाला ‘आई आजारी आहे’ हे वाक्य दूरचे वाटते, पण आपल्या मुलीला ते रोजचे आहे. घरी येणार असलेले माणूस येत नाही, हे तिला वयामुळे नव्हे तर अनुभवामुळे समजेल. तेवढ्यासाठी मी थांबले असते.

आणखी एक सांगावेसे वाटते. ‘हे खरे नाही’ असे समजावल्याने एवढ्या लहान मुलांची भीती फारशी कमी होत नाही. मांडीवर घेणे, आवाज कमी करणे, खोलीतला दिवा लावणे आणि नको म्हटल्यावर लगेच बंद करणे याचा उपयोग होतो.

प्रतिसाद २

आमच्या मुलाने चौथ्या वर्षी पाहिला. मांजरबस आल्यावर तो आईच्या पदरात शिरला आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. तळ्याचा प्रसंग त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. सात्सुकी मेईवर ओरडते आणि मेई भोकाड पसरते, तिथे मात्र तो रडला. ताईने रागावणे त्याला ठाऊक होते.

आपण दोन-तीन दिवसांत तुकडे करून दाखवू शकाल. रात्रीच्या अंगणात बियांना अंकुर फुटतात आणि त्यांचे आभाळाला भिडणारे झाड होते, त्या प्रसंगाशी थांबले तर लहान मुलांना काही अर्धवट राहिल्यासारखे वाटत नाही. तार त्यानंतर येते. झोपण्याच्या वेळी लावू नका.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. गर्जनेचा आणि मांजरबसचा विचार मी केलाच नव्हता. आता असे ठरवते : झाड उगवण्याच्या प्रसंगापर्यंतचा भाग सकाळच्या वेळी, दोन दिवसांत विभागून, दोघांनाही माझ्याशेजारी बसवून दाखवीन. उरलेला भाग सासूबाई घरी आल्यावर पाहू. एक शंका राहते. थोरल्याला पुढचे पाहण्याची घाई होईल. त्याला एकट्याला दाखवले तर तो बहिणीला सगळे सांगेल, आणि त्याच्या तोंडून ते अधिक भयंकर होऊन येईल. त्यालाही थांबवणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १ यांचे उत्तर

थांबवू नका, त्याला पूर्ण दाखवा, पण आपण सोबत बसा. तळ्याच्या प्रसंगापूर्वीच मेई सापडते हे त्याला सांगून ठेवा. बहिणीला काय सांगायचे तेही त्याच्याबरोबर आधी ठरवा : मेई आईला कणीस द्यायला गेली, वाट चुकली, मांजरबसने ताईला तिच्याजवळ नेले, आणि शेवटी आई घरी आली. नामावलीच्या चित्रांमध्ये आई खरोखरच घरी परतलेली दाखवली आहे, तेव्हा नावे सुरू झाली म्हणून चित्रपट बंद करू नका.