फायनलनं निकाल फिरला म्हणजे नुसतं नशीब नाही
दादा, हॉकी इंडिया लीगच्या फायनलमुळे आपल्या ग्रुपच्या फँटसी खेळाचं (खरे खेळाडू निवडायचे, त्यांच्या कामगिरीवर आपल्याला पॉइंट) टेबल उलटलं म्हणून सगळा नशिबाचा खेळ असं तू म्हणतोस, हे मला अजिबात पटत नाही. १ फेब्रुवारी २०२५ ला बंगाल टायगर्सनी हैदराबादला ४-३ नं हरवलं त्यात बंगालच्या जुगराज सिंगची हॅटट्रिक होती, आणि वहिनींनी त्याला पहिल्यापासून आपल्या टीममध्ये धरून ठेवलं ते ड्रॅगफ्लिकर (पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकनं ओढून गोलात भिरकावणारा) बघूनच ना, डिफेंडर असून गोल मारतो म्हणजे दोन्हीकडून पॉइंट, बाकी सगळे फॉरवर्डच्या मागे. पेनल्टी कॉर्नरच्या (गोलजवळच्या फाउलवर मिळणाऱ्या संधीच्या) गोलांचे पॉइंट कमी करायला माझा विरोधच आहे, पुश, स्टॉप, फ्लिक सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं, त्याला केवढा सराव लागतो. ध्यानचंदांचे भाऊ, हॉकीपटू रूपसिंग यांच्या ग्वाल्हेरात मंडळी रात्री उशिरापर्यंत हॉकीवर भांडली याचा मला फार आनंद झाला. ट्रेड, म्हणजे आपसात खेळाडूंची अदलाबदल, मात्र सेमीफायनलआधी बंद करा.