‘मैं भी लड़की हूँ’ : काळी नायिका, गोरी अभिनेत्री

प्रश्न
मद्रासच्या एव्हीएम या चित्रसंस्थेचा १९६४ सालचा हा हिंदी चित्रपट नुकताच पाहिला. काळ्या रंगाची, न शिकलेली मुलगी श्रीमंत घरात सून म्हणून येते आणि केवळ रंगापायी तिला जे ऐकून घ्यावे लागते, ते मीनाकुमारीने फार संयमाने दाखवले आहे. परंतु वर्णभेदावर बोट ठेवणाऱ्या चित्रपटालाही मुळातली सावळी अभिनेत्री का चालू नये, हे मला उमगत नाही.

उत्तर १
हा चित्रपट १९६३ च्या ‘नानुम ओरु पेन’ या तमिळ चित्रपटावरून केलेला असून दोन्हींचे दिग्दर्शक ए. सी. तिरुलोकचंदर आहेत. तमिळमध्येही विजयकुमारी यांना मेकअपनेच काळे केले होते. मद्रासच्या निर्मात्याला हिंदी मुलखात चित्रपट चालवायचा, तर पोस्टरवर मोठे नाव हवेच. त्या हिशेबात नव्या सावळ्या मुलीला जागा नव्हती.

उत्तर २
मेकअपपेक्षा मला कथेचीच अडचण वाटते. सुनेने सोसावे, सेवा करावी आणि मग घराने तिला आपली म्हणावे, म्हणजे गुणांनी रंगाची भरपाई करायची. आपल्याकडे स्थळ सांगताना ‘रंगाने डावी आहे, पण कामाला वाघ आहे’ असे म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. गोऱ्या मुलीकडे असा जामीन कोणी मागत नाही. चित्रपटाचा खरा जीव लताबाईंच्या ‘कृष्णा ओ काले कृष्णा’ या गाण्यात आहे. चित्रगुप्त यांच्या चालीत नायिका थेट देवालाच जाब विचारते, की स्वतःचा रंग मला देऊन हा कसला सूड उगवलास? सावळ्या विठ्ठलाचे अभंग तल्लीन होऊन म्हणणारी आपली घरेही वधू पाहिजेच्या जाहिरातीत ‘गोरी, सडपातळ’ असेच छापत आली आहेत, तेव्हा हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे.

उत्तर ३
वरील आक्षेप मान्य करूनही मीनाकुमारीला श्रेय द्यावेसे वाटते. ‘साहिब बीबी और ग़ुलाम’मधल्या छोट्या बहूच्या रूपाने प्रेक्षकांना भुरळ घातल्याला जेमतेम दोन वर्षे झाली असताना, तिने पडद्यावर कुरूप ठरवली जाणारी स्त्री होण्याचे धाडस केले. पुढे कितीतरी आघाडीच्या नायिकांनी गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती आनंदाने केल्या.