३४ फुटी शिडाच्या बोटीत स्वयंपाकघर कसं मांडायचं?

प्रश्न: मंडळी, बोट गोव्यात मांडवी नदीत ब्रिटोनाला उभी आहे, आतलं सगळं नव्याने करतोय, पुढे लक्षद्वीप गाठायचंय. ओटा यू आकाराचा करू की एका बाजूला सरळ लांब? बायकोला जागा भरपूर हवी, माशाचं हुमण नि भात रोजचाच.

उत्तर: यू च करा हो. बोट कलली की कंबर टेकायला जागा लागते, सरळ ओट्याला माणूस एकतर शेगडीवर जातो नाहीतर मागे. वेंगुर्ल्याच्या पुढे माझं हुमणाचं अख्खं पातेलं पायावर आलं, तेव्हापासून झुलती शेगडी, तिच्यापुढे आडवा दांडा आणि पातेल्याला पकडी नसतील तर मी चहासुद्धा ठेवत नाही.

उत्तर: सिंक खोल आणि मध्यरेषेजवळ घ्या, कडेला घेतलंत तर कलल्यावर समुद्र त्यातून वर येतो. खाऱ्या पाण्याला पायाचा पंप लावा, गोडं पाणी वाचतं. आणि गॅसकडे नीट बघा, एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की बोटीच्या तळाशी साठतो, सिलिंडर डेकवरच्या बंद कप्प्यात ठेवा आणि त्या कप्प्याच्या तळातून बाहेर जाणारी नळी काढा.

प्रश्नकर्ता: यू मध्ये कापाकापीला जागा उरेल?

उत्तर: सिंकवर बसणारी फळी करून घ्या, सुरमई तिच्यावरच कापतो आम्ही.