ल्युपसचे रिपोर्ट चांगले, तरी थकवा जात नाही

डोंबिवलीकर:
नमस्कार. वय ३६, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (ल्युपसवरची नेहमीची गोळी) आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ५ मिलिग्रॅम चालू. लघवी, क्रिएटिनिन (किडनीसाठीची तपासणी), सी३-सी४ (आजार किती सक्रिय आहे याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) सगळं ठीक, डॉक्टर म्हणतात आजार शांत आहे. पण संध्याकाळी फोर्टच्या ऑफिसातून सीएसएमटीपर्यंत पाय ओढत जावं लागतं आणि घरी आल्यावर कुकर लावायचंही त्राण उरत नाही. सासूबाई मायाळू आहेत, तरी "रिपोर्ट चांगलेत ना, मग दमायला काय झालं?" असं विचारतात. रविवारभर झोपले तरी सोमवारी तीच गत. तुम्ही कसं निभावता? व्यायामाने बरं वाटतं की आजार उसळतो?

परळची मावशी:
ताई, आधी सासूबाईंसाठी: आजार शांत असतानाही ल्युपसमध्ये थकवा राहतो, आणि तो खरा असतो. तुम्ही कामचुकार नाही.

पण "ल्युपसच आहे" म्हणून सोडूनही देऊ नका. माझा हिमोग्लोबिन बरा होता, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, मात्र तळाला गेलेलं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), डी जीवनसत्त्व आणि शाकाहारी असाल तर बी-१२ याबद्दल डॉक्टरांना विचारा. आपण उन्हापासून लांब राहतो, त्यामुळे डी कमी पडतंच. झोप मोडते का, मन उदास असतं का, सगळं अंग दुखतं का, हेही न संकोचता सांगा. या प्रत्येकावर इलाज आहे.

आता रोजचं. डोंबिवलीहून सुटणारी स्लो लोकल पकडा. वेळ जास्त जाईल, पण बसून जाल. फास्टमध्ये लोंबकळून वाचवलेली मिनिटं दुपारपर्यंत अंगातून वसूल होतात. खिडकीत ऊन येत असेल तर दुसरीकडे बसा; काचेतूनही अतिनील किरणांचा काही भाग आत येतोच. छत्री, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन. ऊन लागलं की आजारच उसळू शकतो.

पोळ्या आठवड्यातले काही दिवस पोळी-भाजी केंद्रातून आणा, यात कमीपणा कसला! आणि बरं वाटतं त्या दिवशी कपाटं आवरायला काढू नका. त्या दिवशीही मध्येच पाठ टेकायची, दमण्याआधी. गौरी-गणपतीत मी हे घरात आधीच बोलून ठेवते: मोदक मी वळेन, भांडी आणि पाहुण्यांचा चहा दुसऱ्यांनी बघायचा.

फिजिओ, ठाणे:
व्यायामाबद्दल: युलर या संधिवाताच्या युरोपीय संघटनेने २०२३च्या शिफारशींत थकव्यासाठी शारीरिक हालचालीवर भर दिला आहे. झेपेल एवढ्या व्यायामाने ल्युपस उसळतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. सुरुवात दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चालण्यापासून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. दुसऱ्या दिवशी जास्त गळून गेलात तर वाढवू नका, थोडं कमी करा. ताप, सांध्यांना सूज, छातीत दुखणं असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे.

डोंबिवलीकर:
टीएसएच कधीच केलेलं नाही, या वेळी विचारते. मावशी, झोप मोडतेच. प्रेडनिसोलोन रात्री जेवल्यावर घेते. महिनाभर बंद करून बघू का?

परळची मावशी:
अजिबात नको! बराच काळ स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल (शरीरात तयार होणारं नैसर्गिक स्टेरॉइड) कमी बनवू लागतं. गोळी एकदम थांबवली तर उलट्या, चक्कर, बीपी उतरणं, जीवावरही बेतू शकतं. ही गोळी सहसा सकाळी नाश्त्यानंतर देतात, रात्री घेतली की पुष्कळांची झोप उडते. तुमची वेळ कशी बदलायची ते उद्याच डॉक्टरांना फोन करून विचारा, पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका.