मदत हवी आहे: केमो चालू असताना घरातल्या बुरशीचं काय करायचं?
आईला एएमएल (रक्ताचा कर्करोग) आहे, केमो चालू आहे. एएनसी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) ५०० च्या खाली गेलाय, पोसाकोनाझोल (बुरशीचा संसर्ग टाळायचं औषध) सुरू आहे. ताप १००.४ झाला की घरी पॅरासिटामॉल देत न बसता थेट हॉस्पिटल, हे पाठ झालंय.

अडचण घराची आहे. पावसाने तिच्या खोलीची भिंत ओली होऊन कपाटामागे काळी बुरशी धरलीये. अ‍ॅस्परजिलसची (फुफ्फुसात संसर्ग करणाऱ्या बुरशीची) धास्ती वाटते, पण खरवडली तर बीजाणू आणखी उडणार. वरचे फ्लॅटवाले म्हणतात, दिवाळीनंतर बघू!

तिला आधी मावशीकडे हलवून मगच भिंतीला हात लावायचा ना? काम झाल्यावर किती दिवसांनी परत आणलंत? मातीतही बुरशी असते म्हणून कुंड्यांची माती उकरणं बंद केलंय, त्यावरून रोज वाद. घरात हे निभावलेल्यांनी सांगा. गुळवेलीचे काढे कृपया सुचवू नका.