विषय: पाडवा – पोळ्यांची कणीक कोणती? (उद्यापर्यंत कळवा)

मीनल:
मंडळी, शनिवारी सामान उचलायचंय आणि कणकेचं अजून ठरत नाहीये. संक्रांतीला गूळपोळ्यांचं काय झालं ते सगळ्यांनी खाल्लंय, पुन्हा उगाळत नाही. पुरणाची काळजी नाही, इथल्या हरभऱ्याच्या डाळीचं छान होतं. प्रश्न आवरणाचा. तीच कणीक आणायची की दुसरी? "भारतातून येणाऱ्या कोणाला तरी सांगू" हे कृपया सुचवू नका. शंभर माणसांची कणीक बॅगेत मावत नाही.

शिरीष:
मीनल, संक्रांतीला आणलेल्या पिशवीवर "होल व्हीट" लिहिलं होतं. कॅनडाच्या नियमानुसार त्या नावाखाली विकताना दाण्याचा ५ टक्क्यांपर्यंत भाग काढून टाकता येतो. जातो तो मुख्यतः अंकुर, कारण त्यातल्या तेलाने पीठ खवट होतं. पीठ टिकतं, चव जाते. "होल ग्रेन" म्हणजे अख्खा दाणा, ते वेगळं. दुसरं म्हणजे इथला प्रेअरीतला, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानातला, लाल गहू पावाचा. प्रथिनं जास्त, त्यामुळे पाव मस्त फुगतो आणि पोळी लाटली की आक्रसते. आपला लोकवन असा अंगावर येत नाही. शिवाय चक्कीच्या दगडांत दळताना स्टार्च चांगलाच दुखावतो आणि तसं पीठ पाणी जास्त पितं, म्हणून घरची पोळी संध्याकाळीही मऊ. इथे रोलरवर कोंडा आधी वेगळा काढतात, मग परत मिसळतात. असल्या पिठाला कितीही तिंबा, उपयोग नाही.

पुष्पाकाकू:
शिरीष, कितीही तिंबा म्हणजे काय रे? संक्रांतीला तिंबलं कोणी? सगळे हॉल सजवायला पळाले होते. आम्ही आलो तेव्हा ऑन्टारियोत आटा कुठे मिळत होता! मैद्यात कोंडा कालवून पोळ्या केल्या आणि मुलं मोठी झाली. दोन वाट्या चाळलेली कणीक, एक वाटी मैदा, चिमूटभर हळद, सैल भिजवायची आणि दोन तास तेलात झाकून ठेवायची. मग तो लाल गहू मुकाट्याने ऐकतो.

राहुल:
काकू, मैदा-कोंडा वाचून हॉस्टेल आठवलं! पण मी म्हणतो, पोळ्यांचा एवढा घोळ आहे तर श्रीखंडच करू ना? फक्त दूध इथलं नको. भारतात फुल क्रीमची पिशवी ६ टक्के फॅटची, इथलं होमोजिनाइज्ड ३.२५. तेही पिशवीतच मिळतं, एवढंच काय ते साम्य. साय धरत नाही, चक्क्याला अंग नाही.

वैशाली (भोजन समिती):
राहुल, श्रीखंडाचा विषय गेल्या सभेत संपलाय. इतिवृत्त पाठवलं होतं, वाचलं असतंस तर बरं. मेनू समिती ठरवते आणि खरेदीही समितीच करते. सूचनांचं स्वागत आहे, पण मतदान नको.

राहुल:
वैशालीताई, मी फक्त दुधाबद्दल बोललो.

अनघा:
दुधाचं सोडा. इथला माल तो हिणकस आणि तिकडचा तो अस्सल, हे मला दरवेळी पटत नाही. पुण्यात सासूबाई "आपली गावरान मसूर" म्हणून मला बांधून देत होत्या. पुडक्यावर उगम कॅनडा! सस्कॅचेवानची मसूर भारतात जाते, आपण तीच बॅगेत भरून परत आणतो. ती शिजते छान, माझी तक्रार मसुरीबद्दल नाहीच. कणकेचंही तेच. भारताने मे २०२२ मध्ये गव्हाची निर्यात थांबवली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पिठावरही निर्बंध घातले. म्हणून देशी दुकानातली पिशवी उलटी करून बघा, पुढे हिरव्या शेताचं चित्र आणि मागे कॅनडाचा गहू, कित्येकदा त्यात ड्युरमही. ड्युरम म्हणजे पास्त्याचा गहू! रोजच्या फुलक्याला ठीक आहे, पुरणपोळीला मला तो भरड वाटतो.

शिरीष:
अनघा, ड्युरम वाईट नाही. बाटीला उत्तम.

अनघा:
बाटी कोण करतंय?

मीनल:
थांबा. काकूंचं प्रमाण घेऊया. कणीक ड्युरम नसलेली, होल ग्रेन, आणि शक्य तितकी बारीक. वैशाली, समितीची हरकत नसेल तर मी दोन वेगळ्या पिशव्या आणते. गुरुवारी रात्री काकूंकडे थोड्या पोळ्या करून बघू, जिची फुटणार नाही ती जास्त आणू. उरलेली फ्रीझरमध्ये ठेवा, होल ग्रेन बाहेर राहिली की खवटते.

वैशाली (भोजन समिती):
हरकत नाही. बिलं माझ्याकडे द्या, थेट खजिनदारांना नको.

पुष्पाकाकू:
गुरुवारी या, पण सातच्या आधी. आणि मंडळाची मोठी परात गणपतीनंतर कोणाच्या गाडीत गेली? माझ्या ताटात शंभर माणसांची कणीक मळता येणार नाही.